हलका हुकूम, भारी काम



थंडीच्या दिवसांत सकाळी मोटारसायकलचे सेल्फचे बटन दाबावे आणि बॅटरी उतरलेली असावी. काय होते? इंजिन सुरू होत नाही. सीटखालून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. पुन्हा बटन दाबा, पुन्हा ‘टक्’. घरातले कोणीतरी म्हणते, “बॅटरी गेली वाटतं.” मग किक मारून किंवा ढकलून गाडी सुरू होते आणि तो ‘टक्’ सगळे विसरून जातात. मी भौतिकशास्त्र शिकवतो, पण मीही तो अनेक वर्षे असाच विसरत आलो होतो. त्याची आठवण झाली ती एका रात्री गाडीचा दिवा गेला तेव्हा.

माझी गाडी जुनी आहे. तिचा दिवा मला नेहमी पिवळट आणि मंद वाटे. आमच्या भागात रात्रीचे गाडी चालवणे ही हौस नसते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची येते, त्यामुळे उसाला दारे धरायला माणसे अवेळी बाहेर पडतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो आणि त्या उसात बिबट्या राहतो, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. पण खरे सांगायचे तर बिबट्यापेक्षा मला भीती वाटते ती ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांची. गळीत हंगामात त्या रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येकींना मागे लाल दिवा नसतो; एखादी नादुरुस्त होऊन रस्त्याच्या कडेला तशीच उभी असते. अंधारात ती काळी भिंत आपल्या दिव्याच्या उजेडातच दिसायची.

म्हणून मी एक दिवस मूळचा ३५ वॅटचा बल्ब काढून ६० वॅटचा बसवला. विकणाऱ्याने सांगितले, “सर, दुप्पट उजेड पडेल.” पहिले चार दिवस उजेड वाढला खरा, पण दुप्पट काही नव्हे. पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री दहाच्या पुढे नारायणगावहून जुन्नरला येत होतो. हँडलपाशी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि दिवा एकदम विझला. पुढचे काही क्षण मला रस्ता दिसतच नव्हता. गाडी कशीबशी कडेला घेतली. टोमॅटोचे क्रेट उतरवून परतणारा एक टेम्पो मागून आला, त्याच्या उजेडात त्याच्या मागोमाग घरी पोचलो. सकाळी हँडलवरचा स्विच उघडला, तर आतले पितळी पॉइंट काळे पडलेले आणि त्यांच्याभोवतीचे प्लॅस्टिक विरघळलेले होते.

वर्गात रोज ओहमचा नियम शिकवणाऱ्या माणसाची ही फजिती. ती करून घेतल्यावर मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. ते गणित तुम्हीही करून पाहा. आठवी-नववीच्या पुस्तकातलेच आहे.

६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर चालतो. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो : ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. हा प्रवाह बॅटरीतून निघतो, चावीच्या स्विचमधून जातो, तिथून हँडलवरच्या दिव्याच्या स्विचकडे, मग डिपरच्या स्विचमध्ये आणि शेवटी बल्बकडे. वाटेत दोन-तीन ठिकाणी प्लॅस्टिकच्या जोडण्या आहेत. एकूण तार सुमारे ३ मीटर. ती बारीक असते. तिच्या तांब्याचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर धरला, तर दर मीटरला तिचा रोध सुमारे ०.०३४ ओहम येतो. तीन मीटरचा झाला ०.१ ओहम. स्विचचे पॉइंट आणि जोडण्या नव्या असताना त्यांचा रोध नगण्य असतो. पण जुन्या गाडीत पाऊस, धूळ आणि ठिणग्या यांमुळे त्यांच्यावर काजळी धरते. त्या सगळ्यांचा मिळून ०.२ ओहम धरू. म्हणजे पूर्ण वाटेचा रोध ०.३ ओहम.

ओहमचा नियम लावा. ५ अँपिअर गुणिले ०.३ ओहम बरोबर दीड व्होल्ट. बॅटरीतून १२ व्होल्ट निघाले, पण बल्बापर्यंत साडेदहाच पोचले. (बल्बाला दाब कमी मिळाला की त्यातला प्रवाहही थोडा कमी होतो, म्हणून हे गणित जरा ढोबळ आहे. आपल्या कामाला पुरेसे आहे.) ‘दीड व्होल्टने काय बिघडते?’ असे तुम्ही म्हणाल. बारात दीड म्हणजे साडेबारा टक्के. तेव्हा उजेडही साडेबारा टक्केच कमी व्हायला हवा, नाही का?

तसे होत नाही. तंतूच्या बल्बाची गंमत अशी की त्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात बदलत नाही, त्यापेक्षा फार वेगाने बदलतो. तंतू थोडा जरी थंड झाला तरी त्याचा प्रकाश झपाट्याने घटतो आणि जो उरतो तो लालसर-पिवळा असतो. अनुभवाने बसवलेले सूत्र असे, की प्रकाश हा दाबाच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. दाब मूळच्या ०.८७५ पट झाला, तर प्रकाश होतो सुमारे ०.६४ पट. म्हणजे शंभरातला छत्तीस भाग उजेड वाटेतच गेला! माझ्या गाडीचा पिवळट दिवा हा बल्बाचा दोष नव्हताच. वाटेचा दोष होता, आणि मी मात्र बल्ब बदलत बसलो होतो.

आणि ते विरघळलेले प्लॅस्टिक? तार आणि पॉइंट यांच्यात जे दीड व्होल्ट ‘हरवले’, त्यांची उष्णता झाली. दीड व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, म्हणजे साडेसात वॅट. त्यातली निम्म्याहून अधिक स्विचच्या पॉइंटांत आणि जोडण्यांत. तिथे ऊब आली की काजळी वाढते, काजळीने रोध वाढतो, रोधाने आणखी उष्णता. असे ते चक्र फिरत राहते आणि एक दिवस प्लॅस्टिक हार मानते.

आता उजेडाचे गणित रस्त्यावर मांडून पाहू. कारण ते टक्केवारीत राहिले तर त्याचे गांभीर्य कळत नाही. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. समोर ट्रॉली दिसली. मेंदूने ‘ब्रेक’ म्हणावे आणि हातापायांनी तो दाबावा यात एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी १६.७ मीटर पुढे गेलेली असते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी झाला, असे धरा. थांबायला आणखी सुमारे २७.८ मीटर लागतात. बेरीज साडेचव्वेचाळीस मीटर.

पूर्ण उजेडात ती ट्रॉली ५० मीटरवरून दिसत असेल, तर आपण तिच्याआधी पाच-साडेपाच मीटरवर थांबतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. उजेड ०.६४ पट झाला, तर तेवढेच स्पष्ट दिसण्याचे अंतर ०.६४ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे ०.८ पट होते. ५० मीटरचे झाले ४०. आणि थांबायला तर साडेचव्वेचाळीस हवेत. वाटेत हरवलेला तो दीड व्होल्ट हा असा साडेचार मीटरचा प्रश्न आहे.

मग उपाय काय? जाड तार घालावी, हे चटकन सुचते. पण जाड तार बॅटरीपासून चावीच्या स्विचपर्यंत, तिथून हँडलपर्यंत आणि परत दिव्यापर्यंत नेली, तरी ते नाजूक पॉइंट वाटेत राहतातच. स्विचही मोठे घालावे म्हटले, तर हँडलवर अंगठ्याने चालवायच्या जागी विहिरीवरच्या मोटारीचा खटका बसवावा लागेल.

विहिरीवरच्या मोटारीचा विषय निघालाच आहे, तर तिकडेच जाऊ. मोटारीच्या पेटीतला स्टार्टर तुमच्यापैकी पुष्कळांनी चालवलेला असेल. हिरवे बटन दाबले की आत ‘धाड्’ असा आवाज होतो आणि मोटार सुरू होते. तुमच्या बोटाने मोटारीचा प्रवाह जोडला का? नाही. तुमच्या बोटाने फक्त एका कॉइलला प्रवाह दिला. त्या कॉइलचा विद्युतचुंबक झाला, त्याने समोरचा लोखंडी तुकडा खाली ओढला आणि त्या तुकड्यावर बसवलेल्या तीन जाड पॉइंटांनी तिन्ही फेजचा मोठा प्रवाह जोडला. तो ‘धाड्’ म्हणजे लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज. बटन सोडल्यावरही मोटार चालू राहते, कारण एक छोटा जादा पॉइंट कॉइलला तिचा प्रवाह पुरवत राहतो. आणि वीज गेली की चुंबकत्व जाते, पॉइंट सुटतात. वीज परत आल्यावर मोटार आपली आपण सुरू होत नाही.

ही पेटी कधीही उघडून पाहू नका. तिथे चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि ते चूक माफ करत नाहीत. पण तिचे धाकटे भावंड तुम्ही खुशाल हातात घेऊ शकता. त्याचे नाव रिले.

मोटारगाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा रिले काडेपेटीच्याही निम्म्या लांबीचा, काळा, चौकोनी ठोकळा असतो. त्याला खाली चार किंवा पाच चपटे पाय असतात. आत काय आहे? बारीक तारेचे शेकडो वेढे दिलेली कॉइल, तिच्या मध्ये लोखंडाचा गाभा, समोर स्प्रिंगने वर धरलेली लोखंडी पट्टी आणि त्या पट्टीच्या टोकाला पॉइंट. बस्स. कॉइलचा रोध ८० ओहमच्या आसपास असतो. १२ भागिले ८० केले की ०.१५ अँपिअर. एवढ्याशा प्रवाहाने पट्टी ओढली जाते आणि तिचे पॉइंट ३० अँपिअरपर्यंतचा प्रवाह सहज जोडतात.

आता हा हुकमाचा आणि कामाचा प्रवाह वेगळा झाला, याकडे नीट लक्ष द्या. सारी युक्ती त्यातच आहे. हँडलवरच्या जुन्या स्विचमधून आणि त्या तीन मीटरच्या बारीक तारेतून आता फक्त ०.१५ अँपिअर जातो. ०.३ ओहमच्या वाटेत त्याचे किती हरवते? ०.०४५ व्होल्ट. हरवले तरी कोणाला कळणार नाही, आणि कॉइलला उजेड पाडायचा नसतो, नुसती पट्टी ओढायची असते. दिव्याचे ५ अँपिअर मात्र बॅटरीतून निघून जाड तारेने, रिलेच्या पॉइंटांतून, जवळच्या रस्त्याने सरळ बल्बाकडे जातात. दीड चौरस मिलिमीटरची तार जायला दीड मीटर आणि यायला दीड मीटर धरली, तर तिचा रोध ०.०३४ ओहम, फ्यूज आणि रिलेचे पॉइंट यांचे आणखी ०.०३. पाच अँपिअरला घट होते ०.३२ व्होल्टची. बल्बाला जवळजवळ ११.७ व्होल्ट मिळतात आणि प्रकाश ०.६४ ऐवजी ०.९२ पट होतो.

ही कल्पना मोटारसायकलपेक्षा फार जुनी आहे. अमेरिकेतील जोसेफ हेन्री हा शास्त्रज्ञ प्रिन्स्टन येथे शिकवत असताना, १८३५ च्या सुमारास, एका मोठ्या विद्युतचुंबकाने जड वजन उचलून धरी. मग दूरवरून आलेल्या क्षीण प्रवाहाने दुसरा छोटा चुंबक हलवून मोठ्याचे मंडल तोडी, आणि वजन धाडकन खाली पडे. विद्यार्थ्यांना हा प्रयोग पाहायला मजा येत असणार. तारायंत्र आले तेव्हा याच युक्तीची गरज पडली. मैलोगणती लांब तारेतून जाता जाता प्रवाह इतका क्षीण होई, की त्याने पलीकडचे यंत्र हलेना. तेव्हा वाटेतल्या ठाण्यावर त्या दमलेल्या प्रवाहाने फक्त एक पट्टी ओढायची आणि त्या पट्टीने तिथल्या ताज्या बॅटरीचा प्रवाह पुढच्या तारेत सोडायचा, अशी व्यवस्था झाली. जुन्या काळी डाकेच्या वाटेवर टप्प्याटप्प्याला दमलेले घोडे बदलून ताजे घोडे जोडत. त्या ताज्या घोड्यांना युरोपात जे नाव होते, तेच या उपकरणाला मिळाले. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. घोडे त्याच्याही कितीतरी आधी गेले. नाव मात्र सीटखाली राहिले आहे.

सीटखाली म्हणजे कुठे, ते आता ओळखले असेल. सकाळचा तो ‘टक्’! सेल्फच्या मोटरला इंजिन फिरवताना अनेक दशके अँपिअर लागतात. अंगठ्याखालच्या बटनातून तेवढा प्रवाह गेला, तर बटन पहिल्याच दिवशी जळेल. म्हणून कारखान्यातूनच तिथे एक दणकट रिले बसवलेला असतो. बॅटरी उतरलेली असली, तरी कॉइलपुरता प्रवाह ती देऊ शकते. पट्टी ओढली जाते, ‘टक्’ होते. पण पॉइंट जुळताक्षणी मोटर मोठा प्रवाह मागते, बॅटरीचा दाब कोसळतो आणि कॉइलही पट्टी धरू शकत नाही. पट्टी सुटली की मोटर सुटते, दाब पुन्हा वर येतो, पट्टी पुन्हा ओढली जाते. म्हणून कधी कधी एकाच ‘टक्’ ऐवजी ‘टकटकटकटक’ अशी फैर ऐकू येते.

आता प्रत्यक्ष जोडणी. रिलेच्या पायांजवळ बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. ३० वर बॅटरीकडून येणारा मोठा प्रवाह घ्यायचा आणि ८७ वरून तो बल्बाकडे न्यायचा. पाचवा पाय असला तर त्यावर ८७अ असे असते. कॉइलला प्रवाह नसताना ३० त्याला जोडलेला असतो, दिव्याला त्याचे काम नाही. जी तार आजपर्यंत बल्बाला जात होती ती काढून ८६ ला लावायची आणि ८५ गाडीच्या सांगाड्याला. आता ती तार कामगार राहिली नाही, निरोप्या झाली. हेडलाइटचा लांबचा आणि जवळचा असे दोन झोत असतात, म्हणून दोन रिले लागतात.

यात लोक दोन गोष्टी हमखास विसरतात. एक म्हणजे परतीची वाट. बल्बातून बाहेर पडलेले पाच अँपिअर बॅटरीच्या ऋण टोकाला परत जायचे असतात. ती तार बारीक आणि गंजक्या नटाखाली दाबलेली असेल, तर जाण्याची वाट कितीही रुंद केली तरी घट होणारच. दुसरी म्हणजे फ्यूज. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. ही नवी तार चावीच्या स्विचमधून जात नाही, ती सदैव जिवंत असते. तिचे आवरण हँडल वळवता वळवता घासून फाटले आणि ती सांगाड्याला टेकली, तर बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर ओतू शकते, आणि पेट्रोलची टाकी तिच्या अगदी वरच असते. फ्यूज नसेल तर रिले न बसवलेला बरा. हे काम वायरिंग जाणणाऱ्या मेस्त्रीकडूनच करून घ्या, आणि तो फ्यूज कुठे बसवतो ते उभे राहून पाहा.

रिले वीज निर्माण करत नाही, हेही सांगायला हवे. कारण गॅरेजमध्ये ‘रिले टाकला की पॉवर वाढते’ असे सर्रास बोलले जाते. इंजिनाबरोबर फिरणारा जनित्र जेवढे वॅट देतो तेवढेच गाडीजवळ असतात. छोट्या गाडीवर १०० वॅटचा बल्ब लावला तर बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते, दिव्याच्या मागचा प्लॅस्टिकचा परावर्तक वाकडा होतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. शिवाय जुन्या अनेक लहान गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच; जनित्राच्या उलटसुलट प्रवाहावर थेट चालतो, म्हणूनच इंजिनाचा वेग कमी झाला की तो मंदावतो. त्या प्रवाहावर साध्या रिलेची कॉइल जोडली, तर पट्टी थरथरत राहते आणि पॉइंट जळतात. अशा गाडीत आधी दिवा बॅटरीवर घ्यावा लागतो आणि जनित्र तेवढा भार सोसेल का हे पाहावे लागते. आणि गाडीला मुळातच एलईडी दिवा असेल, तर ही सगळी खटपट नको. त्याला प्रवाहच थोडा लागतो.

माझ्या मते पहिले काम मोजण्याचे. मल्टिमीटर घ्या, तो २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवा. दिवा लावून एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे बल्बाच्या धन पायाला लावा. जो आकडा येईल तो वाटेत हरवलेला दाब. माझ्या गाडीवर नवा स्विच बसवूनही ३५ वॅटच्या बल्बाला जवळजवळ ०.८ व्होल्ट आले होते. कधी कधी नुसत्या जोडण्या घासून साफ केल्या तरी निम्मे काम होते.

हॉर्नची गोष्ट जरा निराळी, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अधिक मजेची. एकाऐवजी दोन हॉर्न लावले की ८ अँपिअर सहज लागतात, ०.३ ओहमच्या वाटेत त्यांचे २.४ व्होल्ट जातात आणि आवाज घोगरा, चिरका येतो. तिथेही रिलेचा उपयोग होतो. मात्र काही गाड्यांत हॉर्नचे बटन धन बाजूला असते, तर काहींत ऋण बाजूला. कॉइलचे कोणते टोक बटनाला जोडायचे ते त्यावरून ठरते. वेगवेगळे सूर काढणारे किंवा कर्कश हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार लावता येत नाहीत, आणि रुग्णालय व शाळेपासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असते, हे दोन हॉर्न लावणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

पण मजा अशी की हॉर्न हा स्वतःच एक रिले आहे. फरक इतकाच, की त्याची पट्टी ओढली गेली की ती स्वतःचाच प्रवाह तोडते! प्रवाह तुटला, चुंबकत्व गेले, पट्टी परत आली. परत आल्याबरोबर प्रवाह पुन्हा जुळला. असे सेकंदाला साडेतीनशे-चारशे वेळा होते आणि पट्टीला जोडलेला पातळ पडदा थरथरतो. शाळेच्या विजेच्या घंटेतही हेच घडते, फक्त सावकाश. रिलेची पट्टी हुकूम पाळते. हॉर्नची पट्टी हुकूम पाळते आणि लगेच मोडते.

प्रत्येक वेळी प्रवाह तुटताना एक ठिणगी पडते. कॉइलमधला प्रवाह एकाएकी तोडला की तिचे चुंबकक्षेत्र कोसळते आणि क्षणभर तिच्या टोकांना बाराच्या ठिकाणी शंभराहून अधिक व्होल्ट निर्माण होतात. रिलेच्या बाबतीत हा झटका हँडलवरच्या स्विचला बसतो. म्हणून चांगल्या रिलेत कॉइलला समांतर एक रोधक किंवा डायोड बसवलेला असतो. डायोड असेल तर ८५ आणि ८६ उलटसुलट करून चालत नाही.

आणि ठिणगी म्हणजे रेडिओलहरी. हर्ट्झने १८८७ मध्ये प्रयोगशाळेत रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. मीडियम वेव्हचा रेडिओ हॉर्नजवळ नेऊन हॉर्न वाजवा, रेडिओ खरखरतो. नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले कमालीचे क्षीण संदेश त्या ऐकतात. ही जागा निवडताना एक विचार असा होता, की इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे. आपल्या गाडीचे जळके, ठिणग्या टाकणारे पॉइंट त्या गोंगाटातच भर घालतात.

शेवटी एक प्रयोग. चार इंची लोखंडी बोल्ट घ्या, त्यावर इनॅमलच्या बारीक तारेचे दोनशे वेढे द्या, तारेची टोके खरवडून दोन पेन्सिल सेलना जोडा. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्याची बोटभर रुंद पट्टी कापून (कडा घासून घ्या, हात कापतो) तिचे एक टोक लाकडाच्या ठोकळ्यावर स्क्रूने पक्के करा. दुसरे टोक बोल्टच्या डोक्यासमोर दोन-तीन मिलिमीटरवर येऊ द्या. पट्टी ओढली गेली की ती एका खिळ्याला टेकेल, असा खिळा ठोका. पट्टी आणि खिळा यांच्यामधून वेगळ्या सेलवर टॉर्चचा बल्ब जोडा. झाला तुमचा रिले. सेल फार वेळ जोडून ठेवू नका, गरम होतात.

आता पट्टी हाताने दाबून बोल्टच्या अगदी जवळ न्या आणि एकच सेल ठेवून पाहा. जो प्रवाह लांबून पट्टी ओढू शकत नव्हता, तो जवळ आलेली पट्टी धरून मात्र ठेवतो. दुकानातल्या १२ व्होल्टच्या रिलेची पट्टीही साधारण ७-८ व्होल्टला ओढली जाते, पण सुटते ती दाब ३ व्होल्टच्या आसपास उतरल्यावर. फट कमी झाली की तोच चुंबक जास्त जोराने ओढतो. मग खिळा काढून तो पट्टीच्या वरच्या बाजूला असा बसवा, की ओढली न गेलेली पट्टी त्याला टेकलेली राहील. आणि कॉइलचा प्रवाह त्या खिळ्यातून आणि पट्टीतूनच जाऊ द्या. पट्टी गुणगुणू लागली, तर तुम्ही हॉर्न केलात. नाही गुणगुणली, तर पट्टीवरचा रंग खरवडायचा राहिला असेल.

माझ्या गाडीवर आता दोन रिले आहेत आणि बल्ब मूळचा, ३५ वॅटचाच आहे. मल्टिमीटर ०.२ व्होल्ट दाखवतो. रात्री दिवा लावला की टाकीखालून ‘टक्’ ऐकू येते.